अमिरातीतील अरबी आणि मराठी माणूस

परदेशात राहणारा माणूस तेथील भाषेच्या ज्या लकबींनी चकित होतो किंवा वैतागतो, त्या लकबी पुष्कळदा त्या भाषेपेक्षा त्याच्या स्वतःच्या मातृभाषेविषयी अधिक काही सांगत असतात. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात जर्मन भाषेवर एक दीर्घ विनोदी निबंध लिहिला, आणि जर्मनीत राहणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या तक्रारींची यादी तेव्हापासून जवळपास ठरून गेली आहे: निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी असतो, गौण वाक्यातले क्रियापद शेवटी जाऊन बसते आणि अनेक शब्द जोडून हातभर लांबीचा एकच शब्द तयार केला जातो. हीच यादी मराठी वाचकापुढे ठेवली तर त्याला नवल वाटण्यासारखे तीत फारसे सापडत नाही. मराठीत टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि पंखा पुल्लिंगी असतो. ‘पोर’ आणि ‘मूल’ हे शब्द नपुंसकलिंगातही सहज चालतात. क्रियापदाची जागा तर वाक्याच्या शेवटीच असते. आणि लांबलचक सामासिक शब्दांची सवय शाळेतच झालेली असते. पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अडचणी येतातच, पण त्या ट्वेनच्या अडचणींहून वेगळ्या असतात.

अरबीच्या बाबतीत हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ ही प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळेनुसार भाषांचे गट पाडते. तिच्या अंदाजाने जर्मनला सुमारे ३६ आठवडे लागतात, तर अरबीला ८८, म्हणजे चिनी, जपानी व कोरियन भाषांइतकेच. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. तरीही ‘अरबी ही जगातल्या सर्वांत अवघड भाषांपैकी एक’ हा त्यातून निघालेला निष्कर्ष दुबई, शारजा किंवा अबू धाबी येथे राहणारी मराठी कुटुंबेही स्वतःला लागू करून घेतात आणि वीस-पंचवीस वर्षे अरबी पाट्यांखालून ये-जा करूनही ती भाषा शिकत नाहीत. उसना हिशेब बाजूला ठेवून मराठीच्या बाजूने पाहिले, तर अरबीतील काही गोष्टी खरोखरच अवघड, काही अनपेक्षितपणे सोप्या आणि काही आधीपासूनच ओळखीच्या निघतात.

राजभाषेची तीन रूपे

२ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एकत्र येऊन संयुक्त अरब अमिराती हे संघराज्य स्थापन झाले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल-खैमा ही सातवी अमिरात त्यात सामील झाली. राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार अरबी ही संघराज्याची अधिकृत भाषा आहे. प्रत्यक्षात देशाच्या लोकसंख्येत परदेशी लोकांचे प्रमाण सुमारे नऊ-दशांश असून त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा, म्हणजे ३५ लाखांहून अधिक आहे. त्यामुळे कचेरीत इंग्रजी, दुकानात हिंदी-उर्दू किंवा मल्याळम आणि घरात मराठी अशी वाटणी होते, आणि अरबीशी गाठ पडते ती मुख्यतः कायदेशीर कागदावर. संघराज्याच्या न्यायालयांची भाषा अरबी आहे आणि नोकरीच्या करारात अरबी व अन्य भाषेतील मजकुरांत तफावत असेल, तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. कामगारांची अडचण ओळखून अबू धाबीच्या न्याय विभागाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कामगारविषयक दाव्यांच्या अर्जांसाठी अरबी व इंग्रजीच्या जोडीला हिंदी ही तिसरी भाषा स्वीकारली, ही या परिस्थितीची सरकारी पातळीवर घेतलेली दखलच होय.

अरबी शिकण्याचे मनात आणले तरी पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणती अरबी शिकायची हा. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९५९ साली ‘डायग्लॉसिया’ ही संकल्पना मांडली. एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे नांदतात, त्यांपैकी एक लेखनासाठी, शिक्षणासाठी व औपचारिक भाषणासाठी आणि दुसरे घरगुती व्यवहारासाठी वापरले जाते, आणि ही वाटणी सर्वांनी मान्य केलेली असते, अशा स्थितीला त्याने हे नाव दिले. मराठीत तिला ‘द्विभाषारूपता’ म्हणता येईल. त्याने घेतलेल्या चार उदाहरणांत अरबी होती आणि स्वित्झर्लंडमधील जर्मनही होती. अरबीच्या ग्रांथिक रूपाला ‘फुसहा’ म्हणतात. वर्तमानपत्रे, सरकारी पत्रे, बातम्या आणि पाट्या फुसहात असतात. मात्र जन्मापासून ती कोणी बोलत नाही. अमिराती कुटुंबांत बोलली जाते ती ‘खलीजी’, म्हणजे आखाती बोली. या बोलीत ग्रांथिक रूपातील ‘काफ’ हा पडजिभेजवळून उच्चारला जाणारा वर्ण बहुधा ‘ग’ होतो, म्हणून ‘कहवा’ या कॉफीवाचक शब्दाचा ‘गहवा’ होतो. ‘ज’चा ‘य’ होतो, म्हणून ‘दजाज’ म्हणजे कोंबडी ‘दियाय’ होते. आणि ‘किती’ या अर्थाच्या ‘कम’चा ‘चम’ होतो. काही शब्दांत काफचा ‘ज’ही होतो, आणि ‘अश्-शारिका’ हे ग्रांथिक नाव ‘शारजा’ असे का ऐकू येते याचा उलगडा तेथे होतो.

प्रमाण मराठी आणि मालवणी किंवा अहिराणी यांतील अंतर ज्याला परिचित आहे, त्याला ही स्थिती समजणे कठीण नाही. मात्र अमिरातीत तिसरेही एक रूप कानावर पडते, ते म्हणजे ‘आखाती पिजिन अरबी’. समान भाषा नसलेल्या लोकांनी कामापुरती घडवलेली, व्याकरणाची काटछाट केलेली भाषा म्हणजे पिजिन. जे. आर. स्मार्ट या अभ्यासकाने १९९० साली या रूपाचे पहिले भाषावैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले. ‘अना माफी मालूम’ म्हणजे मला माहीत नाही, ‘वाजिद गाली’ म्हणजे फार महाग, ‘सेम सेम’ म्हणजे तसेच, अशी तिची वाक्ये असतात. क्रियापदे चालवायची नाहीत, स्त्री-पुरुष भेद पाळायचा नाही, ‘आहे’साठी ‘फी’ आणि ‘नाही’साठी ‘माफी’ वापरायचे, आणि कोणत्याही नामापुढे किंवा क्रियापदापुढे ‘सवी’ म्हणजे ‘कर’ लावून काम भागवायचे, एवढ्यावर ती चालते. ‘सवी तेलेफोन’ या रचनेत ‘फोन कर’ ही भारतीय भाषांची घडण सरळ दिसते. ही भाषा परदेशी कामगारांनी आणि त्यांच्याशी बोलताना स्वतःची भाषा मुद्दाम सोपी करणाऱ्या अरबांनी मिळून घडवली आहे. बांधकामावर, बाजारात आणि घरकामात ती उपयोगी पडते. परंतु तिच्या आधारे साधी नोटीसही वाचता येत नाही, आणि ती बोलणारा मात्र आपल्याला अरबी येते अशा समजुतीत राहतो.

लिपी आणि अंक

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिच्यात २८ अक्षरे आहेत. अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी किंवा सुटे आले की त्याचे रूप बदलते, आणि छापील मजकुरातही अक्षरे एकमेकांना जोडूनच येतात. खरी अडचण मात्र आकारांची नसून स्वरांची आहे. दीर्घ स्वरांसाठी अक्षरे आहेत, पण ऱ्हस्व स्वर नेहमीच्या लेखनात दाखवले जात नाहीत. त्यांच्या खुणा कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत असतात, पाटीवर किंवा पत्रात नसतात. म्हणजे शब्द माहीत असल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही. देवनागरीत प्रत्येक स्वराला काना-मात्रा मिळत असल्यामुळे मराठी वाचकाला हे विचित्र वाटते; पण महाराष्ट्रातील जुनी दप्तरे ज्या मोडी लिपीत लिहिली गेली, तिच्यातही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नव्हता, अक्षरे जोडून लिहिली जात होती आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द ओळखावा लागत होता.

अंकांची कथा अधिक रंजक आहे. जगभर ‘अरबी अंक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंकांचे मूळ भारतात आहे, आणि अरब स्वतः पूर्वेकडील अरबी देशांत वापरल्या जाणाऱ्या अंकांना ‘अर्काम हिंदिया’, म्हणजे भारतीय अंक म्हणतात. मजकूर उजवीकडून वाचला तरी संख्या डावीकडून उजवीकडेच लिहिली जाते. या अंकमालेत शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते आणि पाचाचा आकार देवनागरी शून्यासारखा गोल असतो, त्यामुळे नवख्या मराठी वाचकाला ‘५’च्या जागी ‘०’ दिसतो. तेथील सहा तर इंग्रजी सातसारखा दिसतो. संख्या बोलताना मात्र मराठी माणूस इंग्रजी माणसाच्या पुढे असतो. अरबीत पंचवीसला ‘खम्सा व इशरीन’, म्हणजे पाच आणि वीस म्हणतात. जर्मनमध्येही एककच आधी येतो आणि इंग्रजी भाषकांना त्याचा मोठा त्रास होतो. मराठीतील ‘पंचवीस’मध्येही पाच आधी आणि वीस नंतर आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी मांडणी आल्यावर महाराष्ट्रात जो वाद झाला, तो नेमका याच क्रमाविषयीचा होता.

मोजण्याचे नियम मात्र कोणालाही चकवतील असे आहेत. अरबीत एकवचन व अनेकवचन यांच्या मध्ये संस्कृतप्रमाणे द्विवचन आहे, आणि मराठीने ते कधीच सोडून दिले आहे. दोन दिरहमना ‘दिरहमैन’ हा एकच शब्द पुरतो. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनी येते, म्हणून पाच दिरहम ‘खम्सत दराहिम’ होतात. पण अकरापासून पुढे नाम पुन्हा एकवचनी होते, म्हणून पन्नास दिरहमना ‘खमसून दिरहमन’ म्हणावे लागते. शिवाय तीन ते दहा या संख्यांचे लिंग नामाच्या लिंगाच्या उलटे असते: नाम पुल्लिंगी असेल तर संख्या स्त्रीलिंगी रूप घेते. सुशिक्षित अरबही घाईच्या बोलण्यात हे नियम सैल करतात, ही शिकणाऱ्याला दिलासा देणारी गोष्ट आहे. ‘दिरहम’ हा शब्द ग्रीक ‘द्राख्मा’वरून आला आणि त्याच ग्रीक नाण्यावरून भारतात ‘द्रम्म’ व पुढे ‘दाम’ हा शब्द झाला. त्यामुळे ‘दाम’ आणि ‘दिरहम’ मुळात एकाच घरातले आहेत.

ज्या वर्णांना जागा नाही

अरबीत प, ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ नाहीत, ख, घ, भ, ध यांसारखे महाप्राण वर्णही नाहीत, आणि ग्रांथिक अरबीत ‘ग’साठी स्वतंत्र अक्षर नाही. एमिरेट्स आयडी या ओळखपत्रावर नाव इंग्रजीबरोबर अरबीतही छापलेले असते, आणि मराठी आडनावांची या प्रवासात बरीच उलथापालथ होते. ‘काळे’ आणि ‘काले’ एकच होतात; ‘गायकवाड’मधील ‘ग’साठी कोणी ‘गैन’ हे घर्षक अक्षर वापरतो, तर कोणी ‘जीम’; ‘भालेराव’मधील ‘भ’साठी ब लिहायचा की ब आणि ह, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून राहते. ‘पाटील’ हे आडनाव ‘बातील’ असे लिहिले जाते. अरबीत ‘बातिल’ या शब्दाचा अर्थ निरर्थक किंवा रद्द असा आहे आणि मराठीतील ‘रद्दबातल’ त्यावरूनच आला आहे. मात्र त्या शब्दातील ‘त’ हा जड उच्चाराचा वेगळा वर्ण असून त्यातील ‘ति’ ऱ्हस्व आहे, त्यामुळे लेखनात दोहोंची गल्लत होत नाही. नावाचे अरबी लेखन एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले तर पुढे त्रास होतो, म्हणून पहिल्याच कागदावरील लेखन तपासून घेणे आणि पुढे तेच वापरणे शहाणपणाचे असते.

याउलट अरबीतील काही वर्ण मराठीत नाहीत. घशातून येणारा ‘ऐन’, त्याच ठिकाणचा जड ‘ह’, आणि साद, दाद, ता, जा हे चार जड वर्ण शिकण्यास वेळ लागतो. यांपैकी ‘दाद’ हा वर्ण अरबीची ओळख मानला जातो, इतका की अरब आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात. अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आले तेव्हा या दादचा उच्चार आधी फारसी ‘झ’सारखा आणि मग मराठीत ‘ज’ झाला. त्यामुळे हजर हे मुळात ‘हादिर’, काजी हे ‘कादी’, कर्ज हे ‘कर्द’ आणि अर्ज हे ‘अर्द’ आहे, हे एकदा ध्यानात आले की अनेक परके वाटणारे शब्द आपोआप ओळखू येतात.

ऐन गळाल्यामुळे झालेला एक घोटाळा तर देशाच्या नावाशीच निगडित आहे. मराठीतील ‘इमारत’ हा शब्द बांधकाम या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असून त्याचा आरंभ ऐनने होतो. अमीराची सत्ता किंवा प्रदेश या अर्थाचा ‘इमारा’ हा शब्द ‘हमजा’ या साध्या कंठ्य स्फोटाने सुरू होतो, आणि त्याचे अनेकवचन ‘इमारात’ म्हणजेच अमिराती. अरबी कानाला हे दोन शब्द पूर्ण वेगळे आहेत. देवनागरीत मात्र ते जवळजवळ सारखेच दिसतात.

‘अल’ या निश्चयवाचक उपपदाचे उच्चारही गोंधळात टाकतात. दुबई मेट्रोवर ‘अल रिग्गा’ असे इंग्रजीत लिहिलेले स्थानक घोषणेत ‘अर्-रिग्गा’ असे ऐकू येते, तर ‘अल करामा’ या वस्तीचे नाव मात्र तसेच राहते. २८ अक्षरांपैकी निम्म्या अक्षरांपुढे, ज्यांना ‘सूर्याक्षरे’ म्हणतात, ‘अल’मधील ‘ल’ पुढील व्यंजनात मिसळून जातो. उरलेली १४ ‘चंद्राक्षरे’ त्याला तसाच ठेवतात. सत् आणि जन मिळून सज्जन होतो हे ज्याने शाळेत पाठ केले आहे, त्याला हा व्यंजनसंधी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एका मुळाचे अनेक शब्द

अरबी शब्दसंपत्तीचा पाया तीन व्यंजनांच्या मुळावर उभा असतो. ही व्यंजने अर्थाचा गाभा देतात आणि त्यांच्यात ठरावीक साच्यांचे स्वर व उपसर्ग भरले की निरनिराळे शब्द तयार होतात. ‘व-स-ल’ या जोडण्याचा व पोहोचण्याचा अर्थ देणाऱ्या मुळातून निघालेले शब्द अमिरातीत पावलोपावली आढळतात: ‘वस्ल’ म्हणजे जोड, ज्यावरून दुबईतील अल वस्ल रस्त्याला नाव मिळाले, ‘वुसूल’ म्हणजे आगमन, जे विमानतळावर दिसते, ‘इत्तिसालात’ म्हणजे दूरसंचार, ज्यावरून १९७६ साली स्थापन झालेल्या ‘एतिसलात’ या कंपनीचे नाव पडले, आणि ‘मुवासलात’ म्हणजे वाहतूक. मराठीतील ‘वसूल’ व ‘वसुली’ याच मुळाचे आहेत, कारण पैसा येऊन पोहोचला म्हणजे तो वसूल झाला. दुकानांच्या दारावर ‘दुखूल’ म्हणजे प्रवेश आणि ‘खुरूज’ म्हणजे बाहेर पडणे असे लिहिलेले असते. त्यांतील पहिल्याचे मूळ मराठीत ‘दाखल’ व ‘दाखला’ या शब्दांत आहे आणि दुसऱ्याचे ‘खर्च’ या शब्दात. १९८४ च्या सुमारास दातार कुटुंबाच्या छोट्या दुकानातून वाढलेल्या ‘अल आदिल’ या मराठी किराणा व्यवसायाच्या नावाचा अर्थ ‘न्यायी’ असा असून ‘अदालत’ त्याच मुळाचा शब्द आहे.

असे शेकडो शब्द बहमनी काळापासूनच्या फारसी राज्यव्यवहारातून मराठीत रुजले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, आणि माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध करून या शब्दांची पद्धतशीर नोंद केली. अमिरातीतील मराठी माणसाला हा साठा फुकट मिळालेला आहे. फक्त प्रवासात अर्थ सरकले आहेत याचे भान हवे. अरबीत ‘रकम’ म्हणजे क्रमांक, पैशांची रक्कम नव्हे. पैशांच्या रकमेला ‘मब्लग’ म्हणतात, ज्यावरून मराठीत ‘मुबलक’ झाले. दुकानावरील ‘अर्द’ म्हणजे खरेदीवरील सवलत, आणि कचेरीतील अर्जाला ‘तलब’ म्हणतात, जी मराठीत चहाची किंवा तंबाखूची उरली आहे. मालमोटारीवरील ‘नक्लियात’ म्हणजे वाहतूक, नक्कल नव्हे, ‘जिहाज’ म्हणजे यंत्र, जहाज नव्हे, ‘तारीख’मध्ये दिनांकाबरोबर इतिहासही येतो, आणि ‘वकील’ म्हणजे प्रतिनिधी किंवा दलाल, एवढेच नव्हे तर मंत्रालयाचा सचिवही ‘वकील’ असतो, मात्र न्यायालयात बाजू मांडणारा ‘मुहामी’ असतो. दुबईत भाडेकरारांची नोंद ज्या ‘इजारी’ पद्धतीत करावी लागते, तिच्या नावात मराठीतील ‘इजारा’ आणि ‘इजारदार’ आहेत.

उलट दिशेनेही शब्द गेले. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश आरमाराने रास अल-खैमावर केलेल्या स्वारीनंतर १८२० चा तह झाला, आणि तेव्हापासून या किनाऱ्याचे राजकारण व व्यापार दीर्घकाळ मुंबईशी बांधले गेले. आखातातील मोत्यांची मुख्य बाजारपेठ मुंबई होती. दुबईत १९०९ साली भारतीय टपाल कचेरी उघडली. भारतीय रुपया तेथे चालत होता, १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास ‘आखाती रुपया’ काढला आणि तो १९६६ पर्यंत वापरात राहिला. म्हणून अमिराती बोलीत पैशांना ‘बीजात’, पंख्याला ‘बंका’, चष्म्याला ‘कश्मा’, सरळला ‘सीदा’, बुटांना ‘जूती’ आणि तिजोरीला ‘तिजूरी’ म्हणतात, आणि कडक चहा ‘करक’ या नावाने तेथील लोकप्रिय पेय झाला आहे.

व्याकरणातील जवळीक

व्याकरणातही मराठी भाषकाला काही सोयी आहेत. इंग्रजी व जर्मन या दोन्ही भाषांत ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, ते मराठीत नाही आणि अरबीतही नाही. ‘माझ्याकडे गाडी आहे’ यासाठी अरबी माणूस ‘इन्दी सय्यारा’, म्हणजे माझ्यापाशी गाडी, असे म्हणतो. वर्तमानकाळातील ‘आहे’ अरबीत येतच नाही; ‘अना हिंदी’ हे पूर्ण वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘मी भारतीय’ असा होतो, कारण अरबीत ‘हिंदी’ म्हणजे भारतीय. पुरुषाला ‘तू लिहितोस’ आणि स्त्रीला ‘तू लिहितेस’ म्हणणाऱ्या मराठी भाषकाला ‘तक्तुब’ आणि ‘तक्तुबीन’ या जोडीचे आश्चर्य वाटू नये, इंग्रजी भाषकाला मात्र ते वाटतेच. अरबीत लिंगे दोनच आहेत, त्यामुळे मराठीतील नपुंसकलिंगाचा भार कमी होतो. पण सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी असतो, जसा तो जर्मनमध्येही असतो, आणि माणसांखेरीज अन्य वस्तूंचे अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन म्हणून चालवले जाते, ही सवय नव्याने करावी लागते.

शब्दक्रम मात्र मराठीच्या जवळजवळ उलट आहे. ग्रांथिक अरबीत क्रियापद पुष्कळदा आरंभी येते, विशेषण नामानंतर येते, आणि ‘घराचे दार’ हे ‘दार घराचे’ या क्रमाने सांगितले जाते. रास अल-खैमा म्हणजे तंबूचे टोक आणि अबू धाबी म्हणजे हरणाचा पिता, ही नावे त्या रचनेचीच उदाहरणे आहेत.

शिकण्याची सोय आणि निकड

अमिरातीतील खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही पहिलीपासून नववीपर्यंत अरबी शिकावी लागते, त्यामुळे अनेक मराठी घरांत मुलाला अक्षरे येतात आणि आईवडिलांना येत नाहीत. शारजात अरबी भाषा अकादमी आहे, आणि तिच्या पुढाकाराने तयार झालेला अरबीचा १२७ खंडांचा ऐतिहासिक कोश २०२४ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे साधनांची वाण नाही. कमी आहे ती निकड, कारण रहिवासाचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी बांधलेला असतो, आज ना उद्या परतायचे असे गृहीत धरले जाते, आणि अरबीवाचून दिवस अडत नाही. अडतो तो करारावर सही करताना, पोलीस ठाण्यात जबाब देताना किंवा न्यायालयाची नोटीस हाती पडल्यावर.

अशा वेळी पिजिनचा उपयोग नसतो आणि ८८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचीही गरज नसते. ज्याने २८ अक्षरे, दहा अंक आणि दादच्या जागी ज वाचण्याची युक्ती आत्मसात केली, त्याला कागदाचा विषय, तारीख, क्रमांक आणि रक्कम ओळखता येते, आणि अनुवादकाकडे कधी धाव घ्यायची हेही कळते. अमिरातीत पाच वर्षे काढण्याच्या बेताने जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने पहिल्या वर्षातले तीन महिने या लिपीसाठी राखून ठेवावेत, आणि घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याच पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करावी.